बेअरिंग वाजतंय का टायर? चाक खोलायच्या आधी स्वतः कसं तपासायचं

पावसाळा संपत आला की आपल्या कोल्हापुरात गाडीवाल्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते, गाडी साठच्या वर गेली की खालनं घूंऽऽ असा आवाज येतोय. आणि त्यावर गॅरेजमध्ये मिळणारं उत्तर पण ठरलेलं, "बेअरिंग गेलंय, पुढची दोन्ही टाकूया." दोन्ही का, तर कुठलं गेलंय ते त्यालाही नक्की माहीत नसतं. मग दोन बेअरिंग, प्रेसचे पैसे, मजुरी, अलाइनमेंट असा सगळा खर्च होतो आणि हायवेला लागलं की घूंऽऽ परत चालू, कारण आवाज मागच्या टायरचा होता.

हा लेख त्याच्यासाठी. कानानं फक्त एवढंच कळतं की कायतरी बिघडलंय. कुठल्या चाकात बिघडलंय हे कानाला कळत नाही, त्याला हात लावूनच बघावं लागतं. कारण गाडीचा पत्रा सगळा एकमेकाला जोडलेला, मागच्या उजव्या चाकाचा आवाज खालच्या पत्र्यातनं फिरून तुमच्या पायाखाली येऊन वाजतो आणि तुम्ही शपथेवर सांगता की पुढचं डावं गेलंय. त्यामुळं क्रम असा ठेवायचा: आधी रस्त्यावर, मग टायर, मग जॅक लावून हातानं. निदान दोन वेगवेगळ्या तपासण्यांनी एकाच चाकाकडं बोट दाखवल्याशिवाय पान्हा उचलायचा नाही.

आत असतं काय आणि जातं कशानं

आत्ताच्या बहुतेक कारच्या पुढच्या चाकात दोन ओळी गोळ्यांचं सीलबंद बेअरिंग असतं, ग्रीस कंपनीतनंच भरून येतं, वरनं भरायची सोय नाही, सेटिंग करायचीही नाही. काही गाड्यांत ते नकलमध्ये (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा, न फिरणारा लोखंडी भाग) प्रेसनं दाबून बसवलेलं असतं आणि काहींत हब (चाक ज्याच्यावर बसतं तो फिरणारा भाग) आणि बेअरिंग एकत्रच येतं, तीन-चार बोल्ट काढले की अख्खं युनिट बाहेर. मागच्या चाकाला काही गाड्यांत ड्रमच्या आतच बेअरिंग असतं. जुन्या गाड्यांना आणि बऱ्याच मोठ्या गाड्यांना दोन टेपर रोलर, ग्रीस, नट आणि स्प्लिट पिन असा प्रकार, त्यात ग्रीस बदलून नट सेट करता येतो. तुमच्या गाडीत कुठला प्रकार आहे हे आधी माहीत करून घ्या कारण पुढं "प्ले (म्हणजे चाकाचा ढिलेपणा) किती चालतो" याचं उत्तर त्याच्यावर ठरतं.

जायची कारणं तीन-चारच. खड्ड्यात चाक जोरात आदळलं की गोळी आतल्या पट्टीवर (ज्या गोल वाटेवरनं ती फिरते तिच्यावर) बारीक खळगा पाडते, खळगा डोळ्याला दिसत नाही पण गोळी प्रत्येक फेरीला त्याच्यावरनं जाते आणि हळूहळू तिथलं पोलाद पापुद्र्यासारखं सुटायला लागतं. दुसरं म्हणजे पाणी. गाडी चालून हब गरम झालेला असतो आणि तुम्ही तसंच साचलेल्या पाण्यात घालता, हब एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा शहरात ज्यांच्या गाड्या चाकभर पाण्यात उभ्या होत्या त्यांनी इंजिन, सीट, कार्पेट सगळं बघितलं, पण बेअरिंगचा विषय लगेच कळत नाही. आत पाणी गेलेलं बेअरिंग काही महिने गप्प राहून मग बोलायला लागतं. वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाइप अगदी हबच्या सीलवर धरून चिखल उडवतात, तेही याच जातीतलं, त्याला सांगा की जरा लांबनं मार.

आणि मोठी अलॉय. बाहेर आलेली रुंद चाकं किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) टाकला की वजनाचा दाब बेअरिंगच्या मधोमध पडायच्या ऐवजी बाहेरच्या ओळीवर जास्त पडतो. दिसायला गाडी नाद खुळा, पण बेअरिंग लवकर जातं.

रस्त्यावरची तपासणी

निघायच्या आधी चारी टायरची हवा थंड असताना बरोबर करून घ्या, कमी हवेचा टायर पण घुमतो. डिकीतला सगळा खडखडाट बाहेर काढा, स्टेपनी, जॅक, देवाला आणलेला नारळ जे असेल ते. गाणी बंद, एसीचा पंखा बंद, काचा वर. सोबत एक माणूस घ्या आणि त्याला मागच्या सीटवर बसवा, याचा उपयोग पुढं आहे.

रस्ता सपाट, सरळ आणि रिकामा पाहिजे. सकाळी लवकर उजळाईवाडी ते कागलच्या बाजूला हायवेचा काम चालू नसलेला पट्टा गाठा किंवा तुमच्या जवळचा कुठलाही चांगला रस्ता. ऊसाचा हंगाम चालू असेल तर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या वेळा टाळा, दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागं अडकलात तर कसली तपासणी आणि कसलं काय.

आता हळूहळू वेग वाढवत न्या. बेअरिंगचा आवाज साधारण ४० ते ५० च्या आसपास कळायला लागतो आणि वेगाबरोबर त्याची पट्टी चढत जाते, लांबवर पिठाची गिरणी चालू असावी तसा एकसारखा. सुरुवातीच्या दिवसात तो एखाद्याच वेगाला कळतो, म्हणजे ६० ते ७० ला ऐकू येतो आणि ८० ला वाऱ्यात हरवतो. नेमका कुठल्या वेगाला सुरू होतो तो आकडा मोबाईलमध्ये लिहून ठेवा, दुरुस्तीनंतर लागणार आहे.

आवाज चालू असताना क्लच पूर्ण दाबा, एक्सलेटर सोडा. इंजिन आयडलला येतं, गाडी स्वतःच्या जोरावर पळत राहते. आवाज इंजिनबरोबर खाली पडला तर चाकाचा विषय सोडा, तो इंजिन, त्याचे पट्टे-पुल्या, नाहीतर गिअरबॉक्सच्या इनपुट बाजूचा आहे. आवाज तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबर कमी होत गेला तर चाकाकडचा. हे करताना चावी बंद करायची नाही, कितीही रिकामा रस्ता असला तरी, इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबात संपतो आणि चावी मागं फिरली तर स्टिअरिंग लॉक पण होऊ शकतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर न्यूट्रलचा खेळ करायची गरज नाही, मॅन्युअल मोड असेल तर एकाच वेगाला दोन वेगळ्या गिअरमध्ये चालवून बघा, आरपीएम बदलला पण आवाज बदलला नाही तर तेच उत्तर मिळालं.

एक पोटभेद लक्षात ठेवा. गिअरबॉक्समधल्या डिफरन्शियलचं (इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या भागाचं) बेअरिंग पण गाडीच्या वेगाबरोबरच वाजतं. ते ओळखायचं लोडवरनं: एक्सलेटर दाबल्यावर एक आवाज आणि सोडल्यावर वेगळा, असा फरक पडत असेल तर संशय गिअरबॉक्स-डिफरन्शियलवर. चाकाच्या बेअरिंगला तुम्ही एक्सलेटर दाबताय का सोडताय याच्याशी फारसं देणंघेणं नसतं.

मग रस्त्याचा पृष्ठभाग. जुन्या खरबरीत डांबरावरनं नव्या गुळगुळीत डांबरावर किंवा काँक्रीटवर गाडी गेली की टायरचा आवाज एकदम बदलतो, कधी गायबच होतो. बेअरिंग सगळीकडं सारखंच बोलतं. ही तपासणी फुकट आहे आणि बऱ्याच जणांचा विषय इथंच संपतो.

आता सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जास्त गैरसमज असलेली तपासणी. ५०-६० च्या वेगाला, पुढं-मागं कोणी नाही बघून, गाडी हलक्या हातानं डावीकडं-उजवीकडं झुलवायची, म्हणजे लेनमधल्या लेनमध्ये मोठा सावकाश नागमोडी. स्टिअरिंगला झटके द्यायचे नाहीत, उंच गाडी असेल तर अजून सावकाश. डावीकडं वळताना गाडीचं वजन उजव्या बाजूच्या चाकांवर जातं. त्यामुळं डावीकडं वळताना आवाज वाढला आणि उजवीकडं वळताना कमी झाला तर संशय उजव्या बाजूवर, आणि उलट झालं तर उलट. लोक इथंच थांबतात आणि बेअरिंग विकत आणायला जातात. पण आत दोन ओळी असतात हे वर सांगितलंय, त्यातली आतली ओळ खराब आहे का बाहेरची यावर कधीकधी उत्तर उलटं येतं, वजन कमी झाल्यावर जास्त वाजणारी बेअरिंगं पण असतात. म्हणून ही तपासणी संशयित पकडायला वापरा, निकाल द्यायला नाही. पुढचं का मागचं हे तर यातनं कळतच नाही.

पुढचं-मागचं ठरवायला मागं बसवलेला माणूस. त्याला विचारा आवाज पाठीला जाणवतोय का पायाला. मग जागा बदला, तो चालवू दे आणि तुम्ही मागं बसा. दोघांनाही मागच्या सीटवर बसल्यावर जास्त वाटला तर मागची चाकं आधी तपासा. स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर असेल तर पुढची. पण इथं पण पत्रा फसवतो, हे विसरू नका.

शेवटी काचा खाली करून एखाद्या लांब कंपाउंड भिंतीच्या कडेनं २०-३० ला जा. भिंतीवरनं आवाज परत येतो आणि जे एरवी ऐकू येत नाही ते ऐकू येतं. एका बाजूला भिंत, मग परत फिरून दुसऱ्या बाजूला. इथं घूंऽऽ पेक्षा खर्रर्र, टकटक, चर्र असे आवाज पकडायचे असतात. ब्रेकवर हलका पाय ठेवल्याबरोबर आवाज बंद झाला किंवा बदलला तर ब्रेक पॅड नाहीतर डिस्कमागचा पातळ पत्रा, कच्च्या रस्त्यावरनं आल्यावर त्या पत्र्यात आणि डिस्कमध्ये खडा अडकतो आणि असा काय ओरडतो की वाटतं चाकच निखळलं. स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू वळताना टकटकटक आलं तर तो ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्समधनं चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट, बेअरिंग नव्हे.

टायरला हात लावा

गाडी घरी आणून उभी करा आणि चारी टायरच्या नक्षीवरनं तळवा फिरवा, एकदा बाहेरनं आत आणि एकदा आतनं बाहेर, मग गोलाईच्या दिशेनं पुढं आणि मागं. हात सांभाळून, तार किंवा खिळा असला तर कापेल. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं टोचत असेल तर टो-इन (चाकांचा आत-बाहेर कल) बिघडलंय, अलाइनमेंटचा विषय. गोलाईत उंच-सखल उंच-सखल लागत असेल तर तो टायर घुमणारच आणि त्याचा आवाज बेअरिंगसारखाच, अगदी हुबेहूब, अनुभवी मेस्त्री पण यात फसतात. मागची चाकं वर्षानुवर्षं रोटेशन न करता तशीच ठेवलेल्या गाड्यांत हे लई दिसतं.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. ३२१७ म्हणजे २०१७ सालचा ३२ वा आठवडा. रबर जुनं आणि कडक झालेलं असेल तर नक्षी शिल्लक असून पण आवाज करतं.

शंका राहिली तर अदलाबदल करा. डावीकडचं पुढचं चाक मागं आणि मागचं पुढं, तसंच उजवीकडं, बाजू बदलायची नाही कारण काही टायर एकाच दिशेला फिरण्यासाठी असतात. पुढचे-मागचे टायर वेगळ्या साइजचे असतील तर अर्थातच हे करू नका. परत त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला जा. आवाजाची जागा बदलली किंवा पट्टी बदलली तर टायर. काहीच फरक पडला नाही तर टायर निर्दोष, आता बेअरिंगवर या. टायरवाल्याकडं या कामाला फार पैसे पडत नाहीत आणि घरी केलं तर एक सकाळ जाते, पण हा टप्पा टाळणारे लोकच जास्त. मला विचाराल तर बेअरिंगचं बिल बघायच्या आधी प्रत्येकानं हे केलंच पाहिजे.

जॅक लावून

इथं घाई नको. जागा सपाट आणि कडक पाहिजे, शेतातल्या मातीवर किंवा पेव्हर ब्लॉक हलणाऱ्या अंगणात नको. गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक लावा आणि खाली स्टँड दिल्याशिवाय अंग आत घालायचं नाही. गाडीसोबत येणारा कैचीचा जॅक फक्त स्टेपनी बदलायला असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली जाणं म्हणजे जिवाशी खेळ. विटांची चवड पण नको, वीट फुटते.

पुढचं चाक तपासताना: हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढनं-मागनं लाकडी ठोकळे, गाडी न्यूट्रलला. मागचं चाक तपासताना हँडब्रेक सोडावा लागतो, नाहीतर चाक फिरणारच नाही, म्हणून पुढच्या चाकांना ठोकळे आणि गाडी गिअरमध्ये, हे अर्थात पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाड्यांसाठी. बोलेरोसारखी मागच्या चाकांना ओढ असलेली गाडी असेल तर मागं तपासताना गिअर पण काढावा लागतो, म्हणजे गाडी फक्त ठोकळ्यांवर, तिथं ठोकळे जाड आणि दोन्ही बाजूंनी पाहिजेत.

चाक वर उचललं की घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी दोन हात धरून आत-बाहेर हलवा. मग ९ आणि ३ ला धरून. सीलबंद बेअरिंगमध्ये हाताला काहीच लागता कामा नये, टिक असा बारीक धक्का लागला तरी तो जास्तच. जुन्या टेपर रोलरवाल्या गाडीत किंचित प्ले मूळचाच ठेवलेला असतो, त्याला घाबरू नका.

प्ले लागला म्हणून लगेच बेअरिंग म्हणायचं नाही. ९-३ ला हलतंय आणि १२-६ ला नाही तर बहुतेक टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) किंवा स्टिअरिंग रॅक. १२-६ ला हलतंय तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट (सस्पेन्शनच्या आर्मला नकल जोडणारा सांधा). यातला फरक काढायचा सोपा उपाय: सोबतच्या माणसाला ब्रेक घट्ट दाबून धरायला सांगा आणि तसंच परत हलवा. ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि नकल एकमेकाला पकडतात, मधलं बेअरिंग हिशोबातनं बाहेर जातं. प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट, आर्मचे बुश वगैरे. हा उपाय ज्याला माहीत नाही त्याच्याकडं सस्पेन्शनचं काम देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता महत्त्वाचं. प्ले नाही म्हणजे बेअरिंग चांगलं, असं नसतं. घूं करणारी बरीचशी बेअरिंगं हाताला टणक लागतात, एक केसभर पण हलत नाहीत. प्ले हा शेवटचा टप्पा, आवाज त्याच्या कितीतरी आधी येतो. गॅरेजमध्ये चाक हलवून "काय नाही हो, टाइट आहे" म्हणून गाडी परत देतात ते याच्यामुळं.

म्हणून पुढची तपासणी, आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीची. एका हातानं सस्पेन्शनची कॉइल स्प्रिंग धरायची, बोटं वेटोळ्यात अडकवून नको, वरनं नुसती टेकवून. दुसऱ्या हातानं चाक फिरवायचं. खराब बेअरिंगची खरखर नकलमधनं स्प्रिंगमध्ये येते आणि बोटांना बारीक थरथर लागते, कानाला काही ऐकू येत नसलं तरी. लगेच दुसऱ्या बाजूच्या चाकाला तेच करा. एकट्या चाकावर निर्णय घ्यायचा नाही, डावं-उजवं यातला फरक हाच पुरावा. चारी चाकं बघा, आळस करू नका, पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीच्या मागच्या चाकात तर ही तपासणी फारच स्वच्छ लागते कारण तिथं शाफ्ट नसतो.

पुढच्या चाकात शाफ्ट, जॉइंट आणि डिफरन्शियल सगळं सोबत फिरतं त्यामुळं चाक जड लागतं, फार वेळ गरगरत नाही, आणि पॅड घासून श्शऽश्श आवाज येतो तो वेगळाच. पॅडचा आवाज मधे मधे येत असेल आणि त्यानं काही कळत नसेल तर चाक काढा, कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट सोडून तो बाजूला घ्या आणि तारेनं स्प्रिंगला बांधून टांगा, ब्रेकच्या पाइपावर लोंबकळत ठेवायचा नाही. डिस्क सैल पडत असेल तर दोन नट उलटे लावून ती हबला धरून ठेवा. आता हातानं डिस्क सावकाश फिरवा. चांगलं बेअरिंग तेलकट, जडसर, एकसारखं फिरतं. खराब असेल तर वाळू अडकल्यासारखी कचकच, नाहीतर ठराविक जागी अडतं. एकदम मोकळं, सरसर, कितीही वेळ फिरतंय तर खूश होऊ नका, आतलं ग्रीस गेलेलं असायची शक्यता. कॅलिपर निघालेला असताना चुकून पण कोणी ब्रेक दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतो.

लांब स्क्रू ड्रायव्हर असेल तर त्याचं टोक नकलच्या न फिरणाऱ्या भागावर, हबच्या जितकं जवळ जाईल तितकं, आणि मूठ कानामागच्या हाडाला. सोबतचा माणूस चाक फिरवू दे. मेस्त्रीचा स्टेथोस्कोप मिळतो तो असेल तर अजून चांगलं. खराब चाकाला खर्र खर्र असं ताल धरून ऐकू येतं.

गाडी स्टँडवर ठेवून गिअरमध्ये टाकून चाकं पळवायची पद्धत पण आहे. घरी करू नका. चाकं लोंबकळत असताना शाफ्टचे जॉइंट वेड्यावाकड्या कोनात असतात आणि ते स्वतःच आवाज करतात, आणि एकच चाक उचललेलं असेल तर मीटरवर ४० दिसताना ते चाक ८० नं फिरत असतं. गाडी स्टँडवरनं सुटली तर समोरची भिंत पण राहत नाही. चांगल्या लिफ्टवर, जाणत्या माणसासमोर करायचं काम आहे.

उष्णता आणि एबीएसचा दिवा

१५-२० किमी सरळ रस्त्यावर चालवून, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून गाडी थांबवा आणि चारी चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. लांबनं तापमान मोजायची पिस्तुलासारखी यंत्रं हल्ली मिळतात, ती असली तर डाव्या-उजव्याचा आकडा घ्या. एक हब जोडीदारापेक्षा चांगलाच गरम असेल तर तिथं कायतरी आहे, पण ब्रेक चिकटून राहिलेला असला तरी हेच होतं, त्यामुळं चाक उचलून मोकळं फिरतंय का ते आधी बघा.

एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा मधेच लागत असेल तर तोही धागा. बऱ्याच बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकीय रिंग असते, सेन्सर तिच्यावरनं चाकाचा वेग वाचतो. बेअरिंग ढिलं झालं की रिंग आणि सेन्सरमधलं अंतर बदलत राहतं आणि दिवा लागतो. स्कॅनर लावला तर कुठल्या चाकाचा सेन्सर तक्रार करतोय ते थेट कळतं, जॅकच्या तपासणीशी ते जुळलं तर प्रश्नच मिटला.

किती दिवस चालवायची?

नुसतं घूं आहे, प्ले नाही, हब गरम नाही, तर घाबरून रस्त्यातच गाडी सोडायची गरज नाही, गावातल्या गावात वापरा, पण येत्या काही दिवसात काम करून घ्या. प्ले आला, खर्र आवाज आला, हब तापतोय किंवा ग्रीस बाहेर आलंय तर गाडी उभी करा. अजून एक खूण, जी फार कमी लोक बेअरिंगशी जोडतात: ब्रेकचा पेडल पहिल्या दाबाला खोल जातो आणि दुसऱ्या दाबाला वर येतो. ढिल्या बेअरिंगमुळं डिस्क डुलते आणि पॅडना मागं ढकलते, म्हणून पहिला दाब फुकट जातो. अशी गाडी घेऊन गगनबावड्यानं किंवा आंबा घाटानं कोकणात उतरायचं नाव काढू नका.

काम देताना

शिवाजी उद्यमनगर जवळ असल्यामुळं आपल्याला प्रेसची वानवा नाही, हायड्रॉलिक प्रेसवाले तिथं भरपूर. तरी पण हातोडा मारून बेअरिंग बसवणारे आहेतच. त्याच्यासमोर उभं राहा. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर पडला पाहिजे, आणि हब बेअरिंगमध्ये दाबताना आतल्या रिंगला खालनं आधार पाहिजे. उलटं केलं तर सगळा जोर गोळ्यांमधनं जातो, पट्टीवर खळगे पडतात आणि नवं कोरं बेअरिंग थोड्याच दिवसात घूं करायला लागतं, मग दोष कंपनीला. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी स्प्रिंगची रिंग) नीट खाचेत बसली का बघा. चुंबकीय रिंगची बाजू सेन्सरकडं पाहिजे, उलटं बसवलं तर एबीएसचा दिवा जाणारच नाही आणि परत काढायचं तर ते बेअरिंग वाया.

हब काढताना आतली एक रिंग हबवरच अडकून येते, हे नेहमीचंच. ती काढताना ग्राइंडरनं हबवर चर पाडला नाही ना ते बघून घ्या. जुनं बेअरिंग लई दिवस तसंच चालवलेलं असेल तर रिंग हबवर फिरून हब झिजलेला असतो, तेव्हा हब पण बदलावा लागतो, त्याच्यावर कंजुसी चालत नाही.

शाफ्टचा मोठा नट नवा घ्या आणि तो टॉर्क पान्ह्यानं कंपनीच्या आकड्याला आवळा. एअर गननं टर्रर्र करून "झालं" म्हणणाऱ्याला थांबवा. बऱ्याच बेअरिंगमध्ये दोन आतल्या रिंगा एकमेकांवर दाबून धरायचं काम हाच नट करतो, म्हणून तो सैल असताना गाडीचं वजन चाकावर टेकवायचं नाही, ढकलून बाजूला करायची तर अजिबात नाही. स्ट्रटचे (स्प्रिंग-शॉकअप एकत्र असलेल्या भागाचे) बोल्ट सोडले असतील तर अलाइनमेंट करून घ्या.

दोन्ही बाजू एकदम बदलायच्या का? माझं उत्तर नाही. जे सिद्ध झालंय तेवढंच बदला. पुरात बुडालेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी, तिथं चारी बेअरिंगनी एकच पाणी प्यालंय. माल मात्र बिलानं आणि अधिकृत दुकानातनं घ्या, नामांकित बेअरिंगच्या नकला बाजारात खूप आहेत, खोक्यावरचा कोड तपासायची सोय काही कंपन्यांनी मोबाईल ॲपमध्ये दिली आहे, ती वापरा. आणि जुनं बेअरिंग मागून घ्या. ते हातात धरून फिरवा, रिंग सुटलेली असेल तर आतली पट्टी पुसून बघा: खळगे, पापुद्रे, निळसर जळालेलं पोलाद, चहासारखं झालेलं पाणीमिश्रित ग्रीस, यातलं काहीतरी दिसलंच पाहिजे. काहीच नसेल आणि ते लोण्यासारखं फिरत असेल तर चांगलं बेअरिंग काढलं गेलंय, पैसे द्यायच्या आधी तिथंच बोला.

मग त्याच रस्त्याला, त्याच वेगाला, त्याच माणसाला मागं बसवून चक्कर मारा आणि मोबाईलमधला आकडा काढा. आवाज गेला असेल तर काम झालं. थोडा कमी होऊन राहिला असेल तर दुसरं एखादं चाक पण बोलत होतं, मोठ्या आवाजाखाली ते दबलं होतं, स्प्रिंगला हात लावायची तपासणी उरलेल्या तीन चाकांवर परत करा. अजिबात फरक नसेल तर टायरकडं परत या, आणि अदलाबदलीचा टप्पा ज्यांनी वाचून सोडून दिला होता त्यांनी आता तो करा.